शब्दांवाचून इतिहास : 'द मीटर्स' या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका (१९६९)

प्रस्तावना

पदवीच्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकविताना नागरी हक्कांच्या चळवळीचा घटक आला की प्रस्तुत लेखक विद्यार्थ्यांना त्या काळातील काही ध्वनिमुद्रणे ऐकवीत असतो. अशाच एका तासाला 'सिसी स्ट्रट' ही सुमारे तीन मिनिटांची रचना लावली होती. दोन मिनिटे उलटल्यावर पहिल्या बाकावरील एका विद्यार्थिनीने अगदी प्रामाणिकपणे विचारले, "सर, गाणं कधी सुरू होणार?" वर्ग हसला. मागच्या बाकावर मात्र गणेशोत्सवात ताशा वाजविणारा एक विद्यार्थी तोच ठेका बोटांनी बाकावर धरू पाहत होता. तो पुनःपुन्हा चुकत होता आणि पुनःपुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत होता. विद्यार्थिनीचा प्रश्न आणि विद्यार्थ्याची चूक या दोहोंतून प्रस्तुत निबंधाचा विषय सुचला, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांविषयी मराठी मनाला असलेली आस्था जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत दास्यविमोचनाचे कार्य करणाऱ्या लोकांना अर्पण केला. पुढे १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'दलित पँथर'ने आपले नावच तेथील 'ब्लॅक पँथर' या संघटनेवरून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीय साहित्याचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. परंतु हा सारा व्यवहार प्रामुख्याने शब्दांचा राहिला. कविता, आत्मकथने, भाषणे, जाहीरनामे ही आपली साधने. शाहिरी आणि जलशांची परंपरा लाभलेल्या समाजाला प्रतिकार शब्दांत शोधण्याची सवय असावी, यात नवल नाही. मात्र ज्या समाजाला दीर्घकाळ लिहिण्यावाचण्याची बंदी होती, त्याच्या इतिहासाचा फार मोठा भाग शब्दांत सापडणारच नाही. तो हातापायांत, चालण्यात, ठेक्यात सापडेल. 'द मीटर्स' या चार वादकांच्या वृंदाने १९६९ साली आपल्याच नावाने प्रसिद्ध केलेली पहिली ध्वनिमुद्रिका या दृष्टीने एक अस्सल ऐतिहासिक साधन आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. त्याचबरोबर ती ऐकण्यात निखळ आनंद आहे. संशोधनपर लेखनात हे सांगण्याची प्रथा नाही, तरीही ते येथे नमूद करावेसे वाटते.

न्यू ऑर्लीन्स : रस्त्यावरचा ताल

हा वृंद ज्या न्यू ऑर्लीन्स शहराचा, त्याचा इतिहास अमेरिकेतील इतर शहरांपेक्षा निराळा आहे. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ फ्रेंचांनी १७१८ मध्ये ते वसविले. मधल्या काळात ते स्पेनच्या ताब्यात गेले आणि १८०३ च्या लुइझियाना खरेदीने अमेरिकेकडे आले. फ्रेंच अमलात १७२४ च्या 'कोड न्वार' या गुलामविषयक संहितेने रविवार हा गुलामांच्या विश्रांतीचा दिवस ठरविला होता. संहिता क्रूरच होती. परंतु रविवारच्या त्या मोकळ्या वेळात आफ्रिकेतून आणलेली माणसे एकत्र जमू शकली. इंग्रजी वसाहतींत अनेक ठिकाणी गुलामांच्या ढोलांवर बंदी होती. येथे मात्र ढोल वाजत राहिला. १८१७ मध्ये नगरशासनाने असे मेळावे केवळ रविवारी आणि नगराध्यक्षांनी नेमून दिलेल्या जागीच भरावेत, असा नियम केला. तीच जागा पुढे 'काँगो स्क्वेअर' म्हणून ओळखली गेली. वास्तुशिल्पी बेंजामिन लॅट्रोब यांनी १८१९ मध्ये तेथील वाद्ये पाहून त्यांचे वर्णन आपल्या रोजनिशीत करून ठेवले आहे. आवाज त्यांना रुचला नव्हता, पण नोंद राहिली. इतिहासाला कधी कधी अशा नाराज साक्षीदारांचाच आधार घ्यावा लागतो.

काँगो स्क्वेअर ते १९६९ ही रेषा सरळ ओढता येत नाही. तशी ती ओढण्याचा मोह अनेक लेखकांना झाला आहे आणि तो टाळला पाहिजे. परंतु मधला एक दुवा पक्का आहे. तो म्हणजे शहरातील अंत्ययात्रा आणि मिरवणुका. कृष्णवर्णीय श्रमिकांनी आजारपण व अंत्यविधी यांच्या खर्चासाठी परस्पर साहाय्यक मंडळे काढली होती. सभासद वारला की मंडळ पितळी वाद्यांचा वृंद बोलावी. दफनभूमीकडे जाताना संथ, शोकाकुल वादन होई आणि परतताना तोच वृंद नाचरी लय धरी. मंडळाचे सभासद व वादक ही मिरवणुकीची पहिली रांग. त्यांच्यामागून नाचत येणारे सर्वसामान्य लोक म्हणजे 'सेकंड लाइन', अर्थात दुसरी रांग. हेच नाव पुढे त्या तालालाही मिळाले.

या मिरवणुकीत मोठा ढोल एकाच्या गळ्यात असतो, तर लहान कडक आवाजाचा स्नेअर ड्रम दुसऱ्याच्या. दोघे चालत चालत वाजवितात. एकाने सोडलेली जागा दुसरा भरतो, आणि पाऊल पडते त्याच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे आघात येतो. सभागृहातील वादनासाठी पायाने वाजविण्याचा ड्रम आला, तेव्हा ही दोन माणसांची कामे एका बसलेल्या माणसाकडे आली. न्यू ऑर्लीन्सच्या ड्रमवादकांची खासियत अशी की बसल्यावरही त्यांनी चालणे सोडले नाही. अर्ल पामर यांच्यासारख्या वादकांनी १९५० च्या दशकात हा ताल रॉक अँड रोल संगीतात नेला. कोसिमो मटासा यांच्या छोट्या ध्वनिमुद्रणगृहात १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनो आणि १९५५ मध्ये लिटल रिचर्ड यांची जी गाणी मुद्रित झाली, त्यांत पामर यांचेच वादन आहे. गायकांची नावे जगाला माहीत झाली. पामर यांचे नाव मात्र दीर्घकाळ केवळ जाणकारांपुरते राहिले. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

चौघेच का?

वृंदाचे ज्येष्ठ वादक आर्ट नेव्हिल (१९३७–२०१९) हे मुळात गायक. किशोरवयातच, १९५४ मध्ये, 'हॉकेट्स' या मंडळीबरोबर त्यांनी गायिलेले 'मार्दी ग्रा मॅम्बो' हे गीत त्या शहराच्या वार्षिक उत्सवात आजही वाजते. साठच्या दशकाच्या मध्यास त्यांनी 'नेव्हिल साउंड्स' या नावाने मोठा वृंद उभा केला. आरन व सिरिल हे त्यांचे धाकटे भाऊ त्यात गात असत. आरन यांचे 'टेल इट लाइक इट इज' हे गाणे १९६६ च्या अखेरीस देशभर गाजलेही होते. म्हणजे या घराण्यात गळ्यांची उणीव नव्हती.

मग पहिली ध्वनिमुद्रिका गायनावाचून का निघाली? याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधण्यापूर्वी रोजगारात शोधले पाहिजे. शहराच्या पर्यटनवस्तीतील बर्बन स्ट्रीटवर 'आयव्हनहो' नावाच्या क्लबात या मंडळींना रोजचे काम मिळाले. तथापि तेथे चारच वादकांना वाव होता. गाणारे भाऊ वेगळे झाले. उरले ते ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेन्टेली, बास गिटारवर जॉर्ज पोर्टर (धाकटे) आणि ड्रमवर जोसेफ मोडेलिस्ट, ज्यांना सारे 'झिगाबू' म्हणत. नेव्हिल तिशीत, तर बाकीचे तिघे जेमतेम विशीचे. जागा लहान आणि माणसे मोजकी, त्यात रात्रीमागून रात्री अनेक तास वाजवायचे. या अटींतून एक शैली घडली.

येथे आणखी एक संदर्भ देणे अगत्याचे आहे. हेच शहर होमर प्लेसी यांचे. १८९२ मध्ये याच शहरात आगगाडीच्या गोऱ्यांसाठी राखीव डब्यात बसल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि त्या खटल्यात १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या तत्त्वाला मान्यता दिली. बर्बन स्ट्रीटवरील क्लबांत कृष्णवर्णीय माणसाने वाजवावे, पण गिऱ्हाईक म्हणून बसू नये, हा रिवाज १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत टिकून होता. मीटर्स तेथे वाजवू लागले, तेव्हा त्या कायद्याला चारपाच वर्षेही झालेली नव्हती. आयव्हनहोमधील प्रत्येक रात्र त्या ताज्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर घडत होती.

याच ठिकाणी ॲलन टूसाँ यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. टूसाँ (१९३८–२०१५) हे शहरातील अग्रगण्य संगीतकार, पियानोवादक व निर्माते. मार्शल सीहॉर्न यांच्या भागीदारीत त्यांची 'सॅन्सू' ही निर्मितिसंस्था होती. त्यांनी या चौघांना प्रथम इतर गायकांच्या साथीसाठी घेतले. नंतर चौघांच्याच रचना मुद्रित करून न्यूयॉर्कच्या 'जोसी' या कंपनीमार्फत त्या बाजारात आणल्या. टूसाँ यांचा मोठेपणा असा की स्वतः कसलेले संयोजक असूनही त्यांनी या मुद्रणात शिंगवाद्ये किंवा तंतुवाद्यांचा ताफा घातला नाही. चौघांच्या मधल्या मोकळ्या जागा त्यांनी तशाच राहू दिल्या.

ध्वनिमुद्रिकेचे श्रवण

एकूण बारा रचना आणि सारा अवधी अर्ध्या तासाहून थोडा अधिक. आरंभ 'सिसी स्ट्रट'ने होतो. ही रचना मुळात कार्यक्रमाची नांदी म्हणून बांधली गेली होती. बिल डॉगेट यांची 'होल्ड इट' ही धून रोज आरंभी वाजवून कंटाळा आला, म्हणून आपण नवी धून रचली, असे नोसेन्टेली यांनी सांगितले आहे. अशा कंटाळ्यातून इतकी टिकाऊ वस्तू निर्माण व्हावी, याचे कौतुक वाटते.

रचनेची लय मध्यम आहे. मिनिटाला साधारण नव्वद ठोके, म्हणजे ऐटीत चालणाऱ्या माणसाची चाल. गिटार आणि बास एकच तुकडा एकत्र वाजवितात. हा तुकडा छोटा, ठसठशीत आणि पुढे किंचित लचकणारा आहे. ऑर्गन मागे राहून मोजके स्वरसमूह टाकतो. खरा चमत्कार ड्रममध्ये आहे. त्या काळच्या बहुतेक लोकप्रिय संगीतात चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअरचा आघात येतो. ऐकणारा निर्धास्त असतो आणि टाळी देऊ शकतो. मोडेलिस्ट ही सोय काढून घेतात. पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, म्हणजे हाय-हॅटवर, त्यांचे दोन्ही हात आळीपाळीने बारीक मात्रा विणत असतात. त्या विणीतूनच एखादा हात सुटून स्नेअरवर अपेक्षित जागेच्या आधी किंवा नंतर पडतो. पायाचा ड्रम तिसरेच काही सांगतो. तरीही आवर्तन ढळत नाही. आमच्या ताशावाल्या विद्यार्थ्याची बोटे चुकत होती ती यामुळे. त्याला सम सापडत होती. अडचण मधल्या घरांची होती.

तबल्याच्या परिभाषेत हे सांगण्याचा मोह होतो. सम, खाली, आवर्तन या संज्ञा काही अंतरापर्यंत उपयोगी पडतात, आणि वर्गात त्यांचा उपयोग झालाही. परंतु आपल्याकडील तालात ठेका हा ठरलेला असतो आणि कलाकार त्याच्या भोवती खेळतो. येथे चौघे मिळून ठेका घडवितात आणि एकट्या कोणाकडेही तो पूर्ण सापडत नाही. केवळ बास ऐकला तर तो अर्धवट वाटतो आणि केवळ ड्रम ऐकला तर विस्कळीत. चौघे एकत्र आले की यंत्रासारखी नेमकी, पण श्वास घेणारी एक वस्तू तयार होते. आफ्रिकी संगीताच्या अभ्यासकांनी परस्परांत अडकविलेल्या तालांचे जे वर्णन केले आहे, ते येथे आठवते. स्नेअर आणि ढोल दोन गळ्यांत असलेली मिरवणूकही आठवते.

समकालीनांशी तुलना केली असता हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. मेम्फिसचा 'बुकर टी. अँड द एम.जी.ज' हा वृंद याच चार वाद्यांचा होता आणि १९६२ मधील त्यांचे 'ग्रीन अनियन्स' मीटर्सना नक्कीच ठाऊक होते. पण एम.जी.जची घडण चौकोनी आहे. तिचे कोपरे जागच्या जागी आहेत. जेम्स ब्राऊन यांनी १९६५ पासून आणि विशेषतः १९६७ मधील 'कोल्ड स्वेट'मध्ये पहिल्या मात्रेला सारे वजन देऊन फंकची पायाभरणी केली. परंतु त्यांच्याकडे मोठा ताफा होता आणि मध्यभागी स्वतः ब्राऊन होते. मीटर्सजवळ मध्यभाग नव्हता. ज्याने गावे तो आर्ट नेव्हिल ऑर्गनमागे बसून मोजके स्वर लावीत होता. गायक असून गायचे नाही, हा संयम या ध्वनिमुद्रिकेत पानोपानी जाणवतो.

'सोफिस्टिकेटेड सिसी' अधिक संथ व खट्याळ आहे. त्यात गिटारचा प्रत्येक स्वर जणू भिंतीला टेकून उभा राहतो. 'इझ बॅक'मध्ये पोर्टर यांचा बास इतका थोडा वाजतो की तो थांबला की काय, असे क्षणभर वाटते. 'लाइव्ह वायर' ही मोडेलिस्ट यांच्या चाहत्यांनी प्रथम ऐकावी. 'कार्डोव्हा' हा प्रस्तुत लेखकाच्या मते या संचातील उपेक्षित रत्न होय. तिच्यात एक सावट आहे, जे इतरत्र कोठेही नाही. दोन रचना इतरांच्या आहेत. स्लाय अँड द फॅमिली स्टोन यांचे 'सिंग अ सिंपल साँग' झकास उतरले आहे. 'क्लासिक्स फोर' यांचे 'स्टॉर्मी' मात्र कार्यक्रमात वेळ भरून काढण्यासाठी वाजवावे तसे वाटते. बारा रचनांपैकी दोन-तीन तरी साच्यातून निघाल्यासारख्या आहेत, हेही मान्य केले पाहिजे. पूर्ण ध्वनिमुद्रिका निर्दोष आहे, असा दावा नाही.

बाजाराने तिचे स्वागत बऱ्यापैकी केले. 'सिसी स्ट्रट' बिलबोर्ड नियतकालिकाच्या सर्वसाधारण यादीत २३ व्या, तर कृष्णवर्णीय संगीताच्या स्वतंत्र यादीत ४ थ्या स्थानी पोहोचले. 'सोफिस्टिकेटेड सिसी' याच दोन याद्यांत अनुक्रमे ३४ व्या व ७ व्या स्थानी होते. यादीही वेगळी असावी, यावर निराळे भाष्य करण्याची गरज नाही.

१९६९ आणि मौन

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच वर्षी जेम्स ब्राऊन यांनी कृष्णवर्णाचा अभिमान उच्चरवाने सांगणारे आपले प्रसिद्ध गीत प्रकाशित केले. स्लाय स्टोन यांची गाणी वर्णभेदावर उघड बोलत होती. अशा काळात चार कृष्णवर्णीय तरुण एक शब्दही न उच्चारता नाचाचे संगीत काढतात, हे पलायन नव्हे काय? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

याचे एक सोपे उत्तर असे की संगीत हाच प्रतिकार होय. हे उत्तर अलीकडे फार स्वस्त झाले आहे. ज्याचा पुरावा देता येत नाही, असा हेतू कलावंतांच्या पदरी बांधणे इतिहासकाराला शोभत नाही. मीटर्सनी आपण राजकीय विधान करीत आहोत, असे या ध्वनिमुद्रिकेत कोठेही सुचविलेले नाही. ते नोकरी करीत होते आणि ती अत्यंत चांगली करीत होते.

परंतु साधनाचे ऐतिहासिक मूल्य कर्त्याच्या हेतूवर अवलंबून नसते. एखादे खतपत्र लिहिणाऱ्या कारकुनाला आपण सामाजिक इतिहास लिहितो आहोत, असे कधी वाटले नव्हते. या दृष्टीने त्याच शहरातील दुसरी एक घटना पाहावी. क्लेबोर्न ॲव्हेन्यू हा ट्रेमे या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीचा मुख्य रस्ता. त्याच्या मधोमध ओक वृक्षांच्या रांगा होत्या. त्यांच्या सावलीत मार्दी ग्रा उत्सवात कुटुंबे जमत, मिरवणुका निघत आणि दुतर्फा कृष्णवर्णीयांची दुकाने होती. १९६६ मध्ये हे वृक्ष तोडण्यात आले आणि त्या जागी आंतरराज्य महामार्गाचा उन्नत पूल उभारण्यात आला. दुकाने उठली आणि वस्ती दुभंगली. नागरी हक्कांचा कायदा होऊन दोनच वर्षे झाली असताना, कायद्याने दिलेले समानत्व एकीकडे आणि रस्त्याचे हे उच्चाटन दुसरीकडे, अशी त्या दशकाची खरी स्थिती होती.

नेव्हिल कुटुंब ट्रेमेचे नव्हे, शहराच्या अपटाऊन भागातील. त्यामुळे या ध्वनिमुद्रिकेचा आणि पुलाचा कार्यकारणसंबंध जोडता येत नाही. योगायोग मात्र बोलका आहे. ज्या वर्षांत रस्त्याची जागा काँक्रीटखाली जात होती, त्याच वर्षांत रस्त्याची चाल तबकडीत उतरत होती. मिरवणुकीत दोन गळ्यांतले ढोल कसे बोलत, याचे लेखी टिपण कोणी केले असेल वा नसेल. मोडेलिस्ट यांच्या हातापायांनी केलेली नोंद मात्र १९६९ च्या तारखेसह उपलब्ध आहे, आणि कोणत्याही लिपीपेक्षा ती अधिक अचूक आहे.

ठेक्याचा मालक कोण?

पुढील दशकात या चौघांचे वादन अमेरिकेतील असंख्य घरांत पोहोचले, बहुधा दुसऱ्यांच्या नावाने. ली डॉर्सी यांच्या १९७० मधील गाण्यांना, डॉ. जॉन यांच्या १९७३ मधील 'राइट प्लेस राँग टाइम'ला आणि रॉबर्ट पामर यांच्या १९७४ मधील पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेला मीटर्सची साथ आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचलेल्या लाबेल यांच्या 'लेडी मार्मलेड'मध्येही या वृंदातील वादक आहेत. १९७५ व १९७६ मध्ये त्यांनी रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यांत आरंभीचे कार्यक्रम केले. दरम्यान जोसी कंपनी बंद पडली. १९७२ पासून ते 'रिप्राइज' या मोठ्या कंपनीकडे गेले आणि तेथे त्यांनी गायनही आणले. १९७७ मध्ये मूळ वृंद फुटला.

त्यानंतरची कथा कायद्याच्या अभ्यासकांनीही वाचण्यासारखी आहे. १९८० च्या दशकात हिप-हॉप संगीतकारांनी जुन्या तबकड्यांतील तुकडे उचलून नव्या रचना बांधण्याचे तंत्र विकसित केले, तेव्हा मोडेलिस्ट यांचे ड्रम ही मोठी खाण ठरली. अमेरिकी संघीय कायद्यात संगीतरचनेला १८३१ पासून प्रताधिकाराचे संरक्षण आहे. पण रचना म्हणजे मुख्यतः कागदावर लिहिता येणारी चाल आणि शब्द. ड्रमवरील ठेका हा रचनेचा भाग सहसा मानला जात नाही. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाला संघीय संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून. त्याआधीची मुद्रणे, म्हणजे मीटर्सच्या जोसी काळातील तीनही ध्वनिमुद्रिका, निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांवर विसंबून राहिली. ही स्थिती बदलण्यास २०१८ चा 'म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्ट' यावा लागला.

एक उदाहरण पुरेसे आहे. मीटर्सच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत 'ओ! कॅलकटा!' नावाची रचना आहे. (नावाखेरीज तिचा कोलकात्याशी काहीही संबंध नाही. ती त्या नावाच्या एका रंगमंचीय प्रयोगातील धून आहे.) धून स्टॅन्ली वॉल्डेन यांची, वादन मीटर्सचे. २००५ मध्ये ॲमेरी या गायिकेचे 'वन थिंग' हे गीत अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. ते ऐकताना कानात शिरतो तो मीटर्सच्या त्या मुद्रणातील मोडेलिस्ट यांचा ड्रम. त्या ठेक्यावाचून ते गीत उभेच राहत नाही. पण गीतकर्त्यांच्या श्रेयनामावलीत गायिका आणि निर्माता यांच्यासमवेत नाव आहे ते वॉल्डेन यांचे. कायद्याच्या दृष्टीने यात काहीही चुकलेले नाही. कायदा चाल ऐकतो आणि ताल ऐकत नाही, एवढेच.

या पार्श्वभूमीवर पहिल्या ध्वनिमुद्रिकेवरील एक साधी नोंद वेगळीच महत्त्वाची ठरते. 'सिसी स्ट्रट'चे कर्तृत्व नोसेन्टेली, नेव्हिल, पोर्टर आणि मोडेलिस्ट अशा चौघांच्या नावे आहे. मूळ धून कोणाला सुचली, हा प्रश्न राहतोच. परंतु ड्रमवादकाचे नाव रचनाकार म्हणून लागणे ही त्या काळी सर्रास घडणारी गोष्ट नव्हती. अर्ल पामर यांच्या वाट्याला जे आले नाही, ते येथे निदान कागदावर तरी आले. ठेका ही रचना आहे, हे न्यायालयाच्या आधी एका लेबलाने मान्य केले होते.

सन्मान उशिरा आले. 'सिसी स्ट्रट'ला २०११ मध्ये ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले आणि २०१८ मध्ये वृंदाला ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमसाठी १९९७ ते २०१८ या काळात चार वेळा नाव सुचविले गेले आणि चारही वेळा निवड झाली नाही. एप्रिल २००५ मध्ये शहराच्या जॅझ महोत्सवात मूळचे चौघे पुन्हा एकत्र वाजले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, कॅटरिना चक्रीवादळाने बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. टूसाँ व सीहॉर्न यांनी १९७३ मध्ये उभारलेले 'सी-सेंट' हे ध्वनिमुद्रणगृहही बुडाले. तेथील कित्येक मूळ फिती कायमच्या गेल्या, असे समजले गेले.

त्या फितींचे पुढे काय झाले, ते येथे सांगण्यासारखे आहे. नोसेन्टेली यांनी १९७० च्या दशकाच्या अगदी आरंभी स्वतः गाऊन, साध्या गिटारवर काही गीते मुद्रित केली होती. ती कधी प्रकाशित झाली नाहीत आणि पुरात नष्ट झाली, असे खुद्द त्यांनाही वाटत होते. परंतु सी-सेंटमधील फितींचा एक साठा कॅलिफोर्नियात जाऊन पडला होता. तेथील जुन्या वस्तूंच्या बाजारात एका संग्राहकाने तो खोकी भरभरून विकत घेतला. त्यात ही गीते सापडली आणि 'अनदर साइड' या नावाने २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नोसेन्टेली तेव्हा पंचाहत्तरीत होते. त्या गीतांना शब्द आहेत. आमच्या वर्गातील त्या विद्यार्थिनीला यंदा तीच ऐकविली.